लाखेच्या टंचाईत गाजलेलं गाणं : ‘आय वंडर’, १९४४

१९४४ सरता सरता अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या जूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकलं की तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांवर, एक संथ गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. गायकाचं नाव सेसिल गँट. तबकडीवर नावाआधी ‘प्रायव्हेट’ छापलेलं, म्हणजे लष्करातला अगदी तळाच्या पायरीवरचा शिपाई. जाहिरातीत त्याला ‘जी. आय. सिंग-सेशन’ म्हणत: ‘जी. आय.’ म्हणजे अमेरिकी शिपाई, आणि पुढे ‘सेन्सेशन’ या शब्दावर केलेली कोटी. गाण्याचं नाव ‘आय वंडर’. मराठीत याला जवळचा शब्द ‘कोण जाणे’. रात्र झालीय, चांदणं पडलंय, दूर अडकलेला एक माणूस पियानोशी बसलाय आणि आपली ती आत्ता कुठे असेल, कोणाबरोबर असेल, ते कोण जाणे असं गातोय. गाण्यात एवढंच आहे.

त्या वेळी अमेरिकेतला तबकड्यांचा धंदा व्हिक्टर, कोलंबिया आणि डेक्का या तीन कंपन्यांच्या मुठीत होता. हे गाणं तिघींपैकी एकीनेही काढलेलं नव्हतं. ते लॉस एंजेलिसमधल्या एका छोट्या जागेत ध्वनिमुद्रित झालं, मग त्याच शहरातल्या दुसऱ्या एका नवख्या कंपनीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित झालं आणि ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. हे घडलं कसं, आणि ज्याने ते पहिल्यांदा तबकडीवर आणलं त्याच्या हाती काय लागलं, हे दोन प्रश्न या प्रकरणात आहेत. पहिल्याचं उत्तर बरेच जण देतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो.

एक खुलासा आधीच करतो. काळ्या अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताला पुढे मिळालेलं ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव त्या काळात चलनात नव्हतं. ‘बिलबोर्ड’ची ही यादी ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘हार्लेम हिट परेड’ या नावाने सुरू झाली, तीही न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मोजक्या दुकानांच्या विक्रीवरून. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिचं नाव आणि मोजमाप दोन्ही बदललं. आता जूकबॉक्सवर सर्वाधिक वाजणाऱ्या ‘रेस रेकॉर्ड्स’ची मोजणी होऊ लागली. ‘रेस’ म्हणजे काळ्या लोकांसाठीच्या. ‘रिदम अँड ब्लूज’ हे शीर्षक त्या यादीला जून १९४९ मध्ये मिळालं. नाव मागाहून आलं असलं, तरी त्या संगीताची जडणघडण युद्धाच्या काळातच झाली, आणि हे गाणं त्या घडणीतला ठळक टप्पा आहे.

आधी लाख

त्या काळची तबकडी लाखेची असे. पूर्ण लाखेची नव्हे. दगडाची पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू यांना बांधून ठेवायला लाख. सुतार ज्याला चपडा म्हणतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढवतात, तीच ही वस्तू. ती येत असे प्रामुख्याने भारतातून. छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे जे कवच तयार करतात, ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे ओढायचे आणि कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढवायचे. आपल्याकडे गोंदिया-भंडारा पट्ट्यातही पळसावर लाख घेतात. बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या ज्या लाखेवर उठल्या, तीच लाख शिकागो-न्यूयॉर्कच्या ब्लूजला, म्हणजे काळ्या लोकांच्या दुःखभरल्या गाण्यांनाही लागत होती. हा धागा संगीताच्या इतिहासात क्वचितच कोणी ओढतं.

युद्ध सुरू झाल्यावर दोन गोष्टी झाल्या. समुद्रमार्ग धोक्याचे झाले, आणि लाखेला नवं गिऱ्हाईक आलं. दारूगोळ्याची सांधेबंदी, विजेच्या उपकरणांचं आवरण, जहाजांच्या तळाचा रंग, सगळ्यालाच लाख लागत होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी खाली आणला. दुकानदार नव्या तबकड्या देताना जुन्या, फुटक्या परत मागू लागले. त्या दळून पुन्हा साच्यात जात. त्यामुळे युद्धकाळातल्या कित्येक तबकड्यांची खरखर जन्मजात आहे.

लाख थोडी, मग ती कोणाच्या गाण्यावर खर्च करायची? मोठ्या कंपन्यांनी हिशेबाने निर्णय घेतला. खपाची खात्री असलेले गोरे नृत्यवृंद आणि मोठे गायक आधी, बाकीचे नंतर. काळ्या लोकांचं संगीत त्या ‘बाकीच्यां’त होतं.

तेवढ्यात दुसरा तडाखा बसला. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांचं म्हणणं सरळ होतं. तबकडी आणि जूकबॉक्समुळे जिवंत वादकांचा रोजगार जातो, तर कंपन्यांनी प्रत्येक तबकडीमागे संघटनेच्या निधीत पैसे भरावेत. डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये मान तुकवली. व्हिक्टर आणि कोलंबिया ११ नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. म्हणजे सव्वादोन वर्षं या दोन कंपन्यांकडे वादकांसह नवं काही करायची सोयच नव्हती. छोट्या कंपन्यांना मात्र संघटनेच्या अटी मान्य करून पुढे जाणं सोपं होतं. त्यांचा पूर्वीचा साठाही नव्हता आणि अडून बसण्याइतकं भांडवलही नव्हतं.

सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचा एक माणूस

याच वर्षांत लॉस एंजेलिस फुगत होतं. विमानांचे आणि जहाजांचे कारखाने तिथे होते, आणि जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातला वर्णभेद मना करणारा आदेश काढला होता. टेक्सास, लुईझियाना, ओक्लाहोमातून काळी कुटुंबं रेल्वेने येऊ लागली. शहरातली काळ्यांची लोकसंख्या १९४० मध्ये सुमारे ६४ हजार होती, १९५० पर्यंत ती १ लाख ७० हजारांवर गेली. जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत हलवल्यावर रिकामा झालेला ‘लिटल टोकियो’ भागही याच लोकांनी भरला आणि त्याला ‘ब्राँझव्हिल’ असं नाव पडलं. आठवड्याला पगार हातात, राहायला दाटीवाटीची जागा, आणि संध्याकाळी काळ्या वस्तीतला करमणुकीचा रस्ता, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू. ऐकणारे लोक होते, नाणी होती, जूकबॉक्स होते. नव्या तबकड्या मात्र नव्हत्या.

लिरॉय हर्ट हा काळा तरुण गायक मुळातला. ‘फोर ब्लॅकबर्ड्स’ या चौकडीत तो गात असे. त्याने ‘ब्राँझ’ नावाने ध्वनिमुद्रणाची छोटी जागा आणि कंपनी उघडली होती. पश्चिम किनाऱ्यावर काळ्या मालकाची तबकड्यांची कंपनी ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. त्याचा पसारा अगदी लहान. ध्वनिमुद्रण, तबकडी दाबणं, विकणं, सगळ्याला तोच.

सेसिल गँटचा जन्म टेनेसी राज्यातला, १९१३ चा. बालपणाचा काही काळ क्लीव्हलंडमध्ये गेला. युद्धात तो लष्करात भरती झाला आणि लॉस एंजेलिसला आला. त्याच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट अशी, की युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी भरलेल्या एका जाहीर सभेत मधल्या वेळेत त्याने पियानो वाजवायची परवानगी मागितली, आणि लोकांनी त्याला सोडलंच नाही. गोष्टीला थोडं जाहिरातीचं पाणी चढलेलं असेल. पण युद्धरोख्यांच्या सभांत गाणारा गणवेशधारी शिपाई ही प्रतिमा खरी होती आणि कंपन्यांनी पुढे तीच विकली.

हर्टने त्याचं ‘आय वंडर’ ध्वनिमुद्रित केलं. आजूबाजूला मागणी उसळली. मालकाला हवी तशी मागणी, आणि तीच त्याच्या मुळावर आली. तबकडी दाबण्याचं काम हाताने, एकेक, गरम लाखेच्या लगद्यावर साचा दाबून होतं. एक माणूस दिवसभर उभा राहून किती दाबणार? गाणं आज ऐकलेल्या माणसाला तबकडी आजच हवी असते. पुढच्या महिन्यात त्याच्या डोक्यात दुसरं गाणं असतं. हर्टकडे गाणं होतं, गायक होता, गिऱ्हाईक दाराशी उभं होतं, आणि माल नव्हता.

दुसरी तबकडी

इथे गिल्ट-एज ही कंपनी आली. मालक रिचर्ड नेल्सन, गोरा. गँटने तेच गाणं त्यांच्यासाठी नव्याने म्हटलं, मागच्या बाजूला ‘सेसिल बुगी’ नावाचा दणदणीत पियानो. माझ्या मते ही जोडी फार हुशारीची होती. एका बाजूला एकटेपणा, उलटवली की नाच. खानावळीच्या जूकबॉक्सला दोन्ही लागतं.

गिल्ट-एजकडे जास्त तबकड्या दाबून घेण्याची सोय होती आणि त्या सोयीनेच निकाल लावला. गाणं १९४४ च्या शरदात ‘बिलबोर्ड’च्या यादीत आलं आणि पुढे शिखरावर गेलं. इतकंच नव्हे, गोऱ्या श्रोत्यांच्या सर्वसाधारण यादीतही डोकावलं. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत नोकरी करणारे काळे पोर्टर अशा तबकड्या लॉस एंजेलिसहून उचलून शिकागोपर्यंत नेत आणि तिथे चढ्या भावाने विकत. या गाण्याबद्दलही हे सांगितलं जातं. देशभर वितरक नसलेल्या कंपन्यांचं वितरण बऱ्याच अंशी या गणवेशातल्या माणसांच्या पेटाऱ्यांतून चालत होतं.

आता प्रश्न, की हेच गाणं का? मालाची टंचाई होती म्हणून काहीही खपलं असतं, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याच काळात इतरही छोट्या कंपन्यांनी तबकड्या काढल्या, त्या आज संग्राहकांनाही आठवत नाहीत. गँटचा आवाज मऊ, बिनहरकतींचा, किंचित थकलेला. जुन्या ब्लूज गायकांसारखा तो ओरडून सांगत नाही. तो आपल्याशीच बोलतो. फ्रँक सिनात्राच्या धर्तीवर माइकशी कुजबुजणाऱ्या काळ्या गायकांना ‘सेपिया सिनात्रा’ (सेपिया म्हणजे तपकिरी) म्हणायची टूम पुढे निघाली, त्यात गँटची गणना होते. पण सिनात्रामागे वाद्यवृंद असे. गँटमागे मुख्यतः त्याचाच पियानो आहे. बराकीत, करमणुकीच्या खोलीत, एखाद्याने सुट्टीच्या रात्री पियानोशी बसून म्हणावं तसं ते ऐकू येतं. युद्धात १० लाखांहून अधिक काळे अमेरिकन गणवेशात होते, वेगळ्या तुकड्यांत, वेगळ्या बराकींत. लष्करातला हा भेद संपवण्याचा आदेश निघायला जुलै १९४८ उजाडलं. त्या लाखोंच्या घरी मागे राहिलेल्या बायका-मुलींनीही तेच गाणं नाणं टाकून ऐकलं. गाण्यातला संशय दोन्हीकडून खरा होता.

हा संशय सैनिकांच्या कवायतीतही होता. मे १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकममध्ये विली डकवर्थ या काळ्या शिपायाने चालताना म्हणायची जी साद बांधली ती साऱ्या अमेरिकी सैन्यात पसरली. तिच्यात ‘जोडी’ नावाचा एक पुरुष येतो. (मराठीत हे नाव भलतंच वाचलं जाईल, त्याला इलाज नाही.) हा जोडी भरती चुकवून गावात राहिलेला आहे आणि सैनिकाच्या पाठीमागे त्याची प्रेयसी पटकावून बसला आहे. काळ्या लोकगीतांतून आलेलं हे पात्र. कवायतीत त्याच्या नावाने शिव्याशाप देत पावलं टाकायची, आणि रात्री गँटची तबकडी लावायची. जोडीचं नाव ‘आय वंडर’मध्ये नाही, पण चंद्रप्रकाशात कोणाच्या मिठीत असेल ती, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक शिपायाला माहीत होतं.

मोठे परत येतात

नोव्हेंबर १९४४ मध्ये बहिष्कार मिटला. व्हिक्टरने आपल्या ‘ब्लूबर्ड’ या स्वस्त मालिकेसाठी रूझवेल्ट साइक्सकडून तेच गाणं म्हणवून घेतलं. साइक्स हा अनुभवी ब्लूज पियानोवादक, बोटांत गँटपेक्षा कितीतरी तयार. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याची तबकडी पहिल्या क्रमांकावर आली, आणि तिने जिची जागा घेतली ती गँटचीच तबकडी होती. एकच गाणं, एक आवृत्ती खाली उतरते आणि दुसरी तिच्या जागी बसते. तिकडे डेक्काने जानेवारी १९४५ मध्ये जाझमधला नामवंत ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगकडून ते म्हणवून घेतलं. त्या तबकडीची मागची बाजू मजेदार आहे: तिच्यावर त्याच जोडीवरचं गाणं आहे. डेक्कातल्या कोणाला तरी दोन्ही गाण्यांतलं नातं नेमकं कळलं होतं.

म्हणजे चार महिन्यांत एका शिपायाचं गाणं देशातल्या दोन बलाढ्य कंपन्यांकडे पोचलं. यात चोरी झाली का? कायद्याने नाही, आणि याच ठिकाणी या प्रकरणाचा गाभा आहे.

पाच सेंट कुठे गेले

तेव्हा अमेरिकेत १९०९ चा कॉपीराइट कायदा लागू होता. त्यात गाण्याला, म्हणजे शब्द आणि चाल यांना, संरक्षण होतं. ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण नव्हतं. ते यायला फेब्रुवारी १९७२ उजाडलं. गाणं एकदा तबकडीवर आलं की दुसरी कोणतीही कंपनी ते पुन्हा गाऊन घेऊ शकत असे. परवानगी मागायची गरज नाही, फक्त दर तबकडीमागे दोन सेंट गाण्याच्या हक्कदाराला द्यायचे. ही दोन सेंटची अट १९०९ पासून १९७८ पर्यंत तशीच राहिली.

आता हर्टची बाजू पाहा. त्याच्या हाती होतं ते ध्वनिमुद्रण. ते त्याने ओळखलं, आणलं, चालवलं. पण कायद्याच्या नजरेत त्याला काही किंमत नव्हती. गायक उठून गेला, गाणं दुसऱ्या खोलीत म्हटलं, आणि हर्टची तबकडी एका दिवसात जुनी झाली. साइक्स किंवा आर्मस्ट्राँगच्या तबकड्या कितीही खपोत, त्यातला छदामही त्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे यायचं कारण नव्हतं.

ते दोन सेंट मग कोणाचे? प्रकाशकाचे, आणि त्याच्याकडून करारानुसार कवी-संगीतकाराचे. या गाण्यावर कवी-संगीतकार म्हणून दोन नावं आहेत, सेसिल गँट आणि रेमंड लेव्हीन. लेव्हीन हा न्यूयॉर्कच्या व्यावसायिक गीतलेखनातला गोरा माणूस. १९३८ मधल्या एका गाजलेल्या मेक्सिकन गाण्याचे इंग्रजी शब्द त्याचे. दोन नावं म्हणजे हक्काची वाटणी. या नोंदीकडे मी सहज म्हणून पाहू शकत नाही. त्या काळात छोट्या गायकाच्या नावाशेजारी धंद्यातल्या जाणत्याचं नाव येणं ही नेहमीची रीत होती.

आणि सगळ्यात कडू भाग पुढेच आहे. हे गाणं जगलं जूकबॉक्सवर. यादीसुद्धा पुढे जूकबॉक्सवरूनच मोजली जाऊ लागली. प्रत्येक वेळी पाच सेंटचं नाणं पडे. १९०९ च्या कायद्यात नाणं टाकून चालणाऱ्या यंत्राला उघड सूट होती: प्रवेशशुल्क घेतलं नसेल तर ते वाजवणं सार्वजनिक प्रयोग धरायचं नाही, म्हणजेच मानधन देणं लागत नाही. १९०९ मध्ये अशी यंत्रं म्हणजे जत्रेतली गंमत होती, म्हणून ही सूट. १९४४ पर्यंत तिच्याभोवती एक प्रचंड धंदा उभा राहिला. ‘आय वंडर’ जितक्या वेळा वाजलं, तितक्या वेळा नाणं जूकबॉक्सचा मालक आणि खानावळवाला यांच्यात वाटलं गेलं. गँटला नाही, लेव्हीनला नाही, हर्टला तर नाहीच.

यंत्रवाल्यांना मात्र या गाण्यातून नेमका धडा मिळाला. लोकांना हवी ती तबकडी मिळत नाही, आणि ती छापणाऱ्याला भाव आहे. लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीत जूकबॉक्स चालवणाऱ्या बिहारी बंधूंनी (हंगेरियन ज्यू घराणं, आपल्या बिहारशी संबंध नाही) १९४५ मध्ये ‘मॉडर्न’ ही कंपनी काढली. मेस्नर बंधूंची ‘फिलो’, जी पुढे ‘अलादिन’ झाली, तीही त्याच वर्षी निघाली. काळ्या मालकांपैकी लिऑन रेने यांच्या ‘एक्स्क्लूझिव्ह’ने १९४५ मध्येच जो लिगिन्सचं ‘द हनीड्रिपर’ काढलं आणि ते १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. हे सगळे ‘आय वंडर’मुळेच धंद्यात उतरले असं मी म्हणणार नाही. पण एका शिपायाची तबकडी छोट्या कंपनीकडून सर्वोच्च स्थानी जाऊ शकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

हर्टने काय करायला हवं होतं, हे व्यवस्थापनाच्या वर्गात विचारलं तर मुलं लगेच सांगतील: गायकाशी पक्का करार, दाबण्याचं काम बाहेर देणं, प्रकाशनाचे हक्क स्वतःकडे. कागदावर बरोबर. पण १९४४ मध्ये बाहेरच्या कारखान्यांकडे स्वतःलाच लाख पुरत नव्हती. रोख भांडवलाशिवाय रांगेत नंबर लागत नव्हता, आणि काळ्या मालकाला बँकेचं कर्ज मिळणं किती कठीण होतं हे निराळं सांगायला नको. टंचाईने त्याला गाण्यापर्यंत आणलं, त्याच टंचाईने त्याला तिथेच थांबवलं. यात त्याची चूक शोधणं मला कोतेपणाचं वाटतं. पुढे तो पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदाचं संचालन करू लागला, आणि लॉस एंजेलिसमध्ये ‘एंजेल सिटी सिम्फनी’ हा वृंद त्यानेच उभा केला.

गँटला दुसरं ‘आय वंडर’ सापडलं नाही. युद्ध संपलं, पण बरेच दिवस तो ‘प्रायव्हेट’ म्हणूनच विकला जात होता. तो टेनेसीतल्या नॅशव्हिलला परतला, तिथल्या ‘बुलेट’ कंपनीसाठी १९४६ मध्ये ‘नॅशव्हिल जम्प्स’ केलं, एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत हिंडत राहिला, आणि दारू वाढत गेली. १९५० मध्ये त्याने डेक्कासाठी एक जोरदार तबकडी केली. आर्मस्ट्राँगचं ‘आय वंडर’ काढणारी तीच डेक्का. या वेळी तबकडीवर ‘प्रायव्हेट’ नव्हतं आणि सेसिल गँटही नव्हतं. गायकाचं नाव छापलं होतं गंटर ली कार. ४ फेब्रुवारी १९५१ रोजी नॅशव्हिलमध्ये न्यूमोनियाने तो गेला. वय ३७.